बीपीचं गणित मांडणारा गायटन

तुमच्या ग्रुपमधलं कुणी ना कुणी मेडिकलला असेलच. ते फर्स्ट इयरला असेल, तर त्याच्या हॉस्टेलच्या रूमवर एकदा डोकावून बघा. टेबलावर, नाहीतर उशीशेजारी, हजारेक पानांचं एक जाडजूड पुस्तक पडलेलं दिसेल. त्याला पुस्तकाचं नाव विचारलंत तर तो नाव सांगणार नाही, लेखकाचं आडनाव सांगेल. गायटन. आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांत हे आडनाव एखाद्या विषयाच्या नावासारखं वापरलं जातं. गायटन झाला, गायटन राहिला, परीक्षेआधी गायटन उघडलाच नाही, असं सगळं चालतं. पण हा माणूस कोण होता, हे पुस्तकाच्या जाडीमागे झाकलं गेलंय.

इंजिनीअरिंगवाल्यांनो, पान उलटू नका. या माणसाची निम्मी गोष्ट तुमचीच आहे. शरीरातला रक्तदाब का वाढतो आणि वाढलेलाच का राहतो, हे शोधायला त्याने स्टेथोस्कोपइतकाच कॉम्प्युटर वापरला. तोही १९६०च्या दशकात, एक कॉम्प्युटर अख्खी खोली अडवून बसायचा तेव्हा.

आधी प्रश्न काय होता ते बघू. तुमच्या घरात आजी-आजोबांपैकी किंवा आई-बाबांपैकी कुणी ना कुणी रोज सकाळी बीपीची गोळी घेत असेल. बीपी नेमकं कशामुळे वाढलं, असं डॉक्टरांना विचारून बघा. दहापैकी जवळपास नऊ पेशंटमध्ये बोट ठेवून दाखवावं असं एकच एक कारण सापडत नाही. मेडिकलच्या भाषेत त्याला प्रायमरी किंवा इसेन्शियल हायपरटेन्शन म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण अर्थ एवढाच की मूळ कारण हाताला लागलेलं नाही. गायटनने आयुष्यातली कितीतरी वर्षं या एका कोड्यात घातली.

आर्थर गायटनचा जन्म ८ सप्टेंबर १९१९ चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या ऑक्सफर्ड या छोट्या गावातला. (इंग्लंडमधलं ऑक्सफर्ड वेगळं, घोळ करू नका.) वडील डोळे, कान, नाक, घशाचे नावाजलेले डॉक्टर, पुढे तिथल्या मेडिकल स्कूलचे डीन. आई गणित आणि फिजिक्स शिकवायची, आणि लग्नाआधी चीनमध्ये मिशनरी म्हणून राहून आली होती. म्हणजे एकाच घरात एकीकडे दवाखाना आणि दुसरीकडे समीकरणं. मुलगा दोन्हीकडे रमला. वडिलांच्या क्लिनिकमध्ये बसून काम बघायचं, घरी येऊन यंत्रं आणि विजेची उपकरणं जोडायची, शिडाच्या होड्या बांधायच्या. कादंबरीकार विल्यम फॉकनर त्याच गावचा. आर्थर त्याच्याशी बुद्धिबळ खेळायचा, गप्पा मारायचा, आणि स्वतः बांधलेली एक होडी त्याने फॉकनरला विकलीसुद्धा. फॉकनरला पुढे साहित्याचं नोबेल मिळालं. त्या होडीचं काय झालं, हे मला फार जाणून घ्यायचंय, पण तो विषय वेगळा.

शिक्षण सरळ रेषेत झालं. मिसिसिपी विद्यापीठातून १९३९ मध्ये पदवी, मग हार्वर्ड मेडिकल स्कूल, १९४३ मध्ये एमडी. त्याच वर्षी रूथ वायगल हिच्याशी लग्न. पुढचा बेतही ठरलेला होता: बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सर्जरीची रेसिडेन्सी आणि त्यानंतर हृदयाचा सर्जन. मध्ये महायुद्ध आलं, नौदलात दोन वर्षं गेली. परत येऊन रेसिडेन्सी संपवायला घेतली आणि १९४६ मध्ये, शेवटच्या टप्प्यावर, त्याला पोलिओ झाला.

वय २७. उजवा पाय, डावा हात आणि दोन्ही खांदे लुळे पडले. पोलिओची लस यायला अजून नऊ वर्षं होती. सर्जनला तासन् तास उभं राहून दोन्ही हातांनी काम करावं लागतं, त्यामुळे तो रस्ता तिथेच बंद झाला. आता कुणीतरी म्हणेल की बरं झालं, म्हणून तर पुढचं सगळं घडलं. मला हे असलं म्हणणं पटत नाही. पोलिओमुळे काही बरं झालं नाही. त्यानंतर जे झालं ते त्याने आणि रूथने खपून केलं.

उपचारांसाठी तो जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे नऊ महिने राहिला. या जागेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. पोलिओच्या पेशंटसाठी हे केंद्र उभं केलं होतं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी, कारण त्यांनाही पोलिओ झालेला होता. आणि गायटन तिथे जायच्या एकच वर्ष आधी, १२ एप्रिल १९४५ रोजी, रूझवेल्ट त्याच वॉर्म स्प्रिंग्जमध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन गेले होते. कारण वाढलेला रक्तदाब. शेवटच्या दिवशी त्यांचं बीपी ३०० वर १९० असं नोंदवलं गेलं. आज १४० च्या वर गेलं तरी घरात धावपळ होते, तेव्हा हा आकडा परत एकदा वाचा. महायुद्ध जिंकत आलेल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष, हवे ते डॉक्टर हाताशी, पण खात्रीने बीपी खाली आणेल असं चांगलं औषध त्या काळात जवळपास नव्हतंच. प्रेशर वर का राहतं हेच नीट माहीत नव्हतं, तर उतरवणार कसं?

वॉर्म स्प्रिंग्जमध्ये गायटन नुसता पडून राहिला नाही. लहानपणीचं यंत्रांचं वेड कामी आलं. जॉयस्टिकने चालणारी मोटरची व्हीलचेअर, पेशंटला उचलून ठेवणारा मोटरचा हॉइस्ट, पायाला लावायचे खास ब्रेसेस, हे सगळं त्याने तिथे डिझाइन केलं. त्यासाठी त्याला पुढे राष्ट्राध्यक्षांचं मानपत्र मिळालं.

मग तो गावी परतला. १९४८ मध्ये, तिशीच्या आत, मिसिसिपीच्या मेडिकल स्कूलमध्ये फिजिऑलॉजी विभागाचा प्रमुख झाला. ते कॉलेज तेव्हा फक्त दोन वर्षांचं होतं. उरलेलं शिक्षण घ्यायला मुलांना दुसरीकडे जावं लागायचं. हार्वर्डहून आलेल्या माणसासाठी ही काही मिरवायची जागा नव्हती. १९५५ मध्ये कॉलेज जॅक्सन शहरात गेलं, चार वर्षांचं झालं, आणि गायटन तिथेच राहिला तो शेवटपर्यंत. वर्गासाठी तो स्वतः नोट्स तयार करायचा. त्यातूनच १९५६ मध्ये टेक्स्टबुक ऑफ मेडिकल फिजिऑलॉजीची पहिली आवृत्ती निघाली. पहिल्या आठ आवृत्त्या त्याने एकट्याने लिहिल्या. एवढा मोठा विषय एकाच माणसाच्या आवाजात सलग समजावलेला असणं, हेच ते पुस्तक चालण्याचं मोठं कारण असावं. सबमिशनच्या आदल्या रात्री चार जणांनी मिळून लिहिलेलं जर्नल कसं वाचवत नाही, ते आपल्याला माहीत आहेच.

आता मुद्द्याकडे. रक्ताभिसरण म्हणजे पंप आणि पाइप, असं आपण शाळेत शिकतो. हृदय ढकलतं, रक्त वाहतं. गायटनने हे उलट्या बाजूने पाहिलं. त्याचं म्हणणं असं, की हृदय स्वतःच्या मर्जीने रक्त ढकलत नाही, त्याच्याकडे जेवढं परत येतं तेवढंच ते पुढे पाठवतं. आणि परत किती येणार, हे शरीरातल्या प्रत्येक अवयवाला किती रक्त हवंय यावरून ठरतं. पण एकदा असा विचार करायला लागलं की पंचाईत होते. हृदय रक्तवाहिन्यांवर अवलंबून, रक्तवाहिन्या अवयवांवर, अवयव रक्तदाबावर, रक्तदाब किडनीवर, किडनी हार्मोन्सवर, हार्मोन्स परत रक्तदाबावर. जिथून सुरुवात कराल तिथेच फिरून याल. कागदावर बाण काढता येतात, पण एका ठिकाणी धक्का दिला तर दोन आठवड्यांनी दुसऱ्या टोकाला काय होईल, हे डोक्यात काढणं कुणालाच जमणार नाही.

म्हणून कॉम्प्युटर. सुरुवातीला अ‍ॅनालॉग, नंतर डिजिटल. थॉमस कोलमन हा इंजिनीअर त्याच्या टीममध्ये आला. पुढे हॅरिस ग्रेंजर आला. १९६७ मध्ये गायटन आणि कोलमन यांनी पहिलं मोठं मॉडेल मांडलं, आणि १९७२ मध्ये तिघांनी मिळून अ‍ॅन्युअल रिव्ह्यू ऑफ फिजिऑलॉजीमध्ये ती प्रसिद्ध आकृती छापली. नेटवर ती सहज सापडते, एकदा बघाच. पहिल्या नजरेत ती माणसाच्या शरीराची आकृती वाटतच नाही, टीव्हीच्या आतल्या सर्किटची वाटते. साडेतीनशेच्या आसपास चौकटी, १८ विभाग, आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचं जाळं. प्रत्येक चौकट म्हणजे एक किंवा जास्त समीकरणं: इथे बेरीज, इथे गुणाकार, इथे इंटिग्रेशन. हृदय एका कोपऱ्यात, किडनी दुसऱ्या, तहान आणि मीठ तिसऱ्या. हे सगळं एकत्र चालवायचं, एक आकडा बदलायचा, आणि मॉडेलमधल्या माणसाला पुढच्या काही दिवसांत, आठवड्यांत काय होतं ते बघत बसायचं.

मॉडेलने काय दाखवलं? त्यासाठी तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. वरून नळाचं पाणी येतंय आणि एका उंचीवर ओव्हरफ्लोचा पाइप बसवलाय. नळ जास्त उघडला तर पातळी थोडी वाढेल, पण जास्तीचं पाणी पाइपातून निघून जाईल आणि पातळी पाइपाच्या तोंडाशी येऊन थांबेल. कुणी टाकीत बादली उपडी केली, कुणी खालून बादलीभर पाणी काढून घेतलं, तरी थोड्या वेळाने पातळी तिथेच. पातळी कायमची वर न्यायची असेल तर दोनच उपाय आहेत. एक तर पाइपच वर सरकवा, नाहीतर तो इतका तुंबवा की येणारं पाणी बाहेर काढायला त्याला जास्त जोर लागेल.

गायटनच्या मते किडनी म्हणजे हा ओव्हरफ्लोचा पाइप. रक्तदाब वाढला की किडनी जास्त मीठ आणि जास्त पाणी लघवीवाटे बाहेर टाकते. त्याने शरीरातलं पाणी कमी होतं, रक्त कमी होतं, दाब उतरतो. आणि दाब पूर्ण मूळ जागी येईपर्यंत किडनी थांबत नाही. कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलेल्यांच्या डोक्यात एव्हाना दिवा लागला असेल. हा पीआयडी कंट्रोलरमधला आय आहे, इंटिग्रल. चूक शिल्लक आहे तोवर दुरुस्ती साचत राहते. गायटनने याला इन्फिनिट गेन म्हटलं. मानेतल्या रक्तवाहिन्यांमध्येही दाब मोजणारे सेन्सर असतात, तुम्ही अंथरुणातून झटकन उठलात तर चक्कर न येण्याचं श्रेय त्यांचं. पण ते सेकंदांच्या हिशोबाने काम करतात आणि दाब एक-दोन दिवस वर राहिला की त्यालाच नॉर्मल समजू लागतात. लांबच्या पल्ल्यात चालतं ते किडनीचंच.

यातून निघालेला निष्कर्ष त्या काळच्या समजुतीला धक्का देणारा होता. बीपीच्या पेशंटच्या बारीक रक्तवाहिन्या आकसलेल्या दिसायच्या, म्हणून आकसणं हे कारण आणि दाब हा परिणाम, असं मानणं साहजिक होतं. गायटनचं मॉडेल म्हणत होतं, नुसत्या रक्तवाहिन्या आकसल्या आणि किडनी ठणठणीत असली, तर दाब फार काळ वर टिकणार नाही. दाब टिकला, याचा अर्थ किडनीत कुठेतरी बदल झालाय.

कॉम्प्युटरच्या म्हणण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून प्रयोग झाले. कुत्र्यांवर, आणि आज ते वाचताना अंगावर येतं, हे सांगायलाच हवं. किडनीचा ७० टक्के भाग काढलेल्या कुत्र्यांना साध्या पाण्याऐवजी सलाइन प्यायला दिलं. काही दिवसांत त्यांचा दाब सरासरी ४० मिलिमीटरने चढला. पण खरी गंमत क्रमात होती. आधी शरीरातलं पाणी वाढलं, मग हृदय जास्त रक्त ढकलू लागलं. रक्तवाहिन्या पहिल्या दिवसांत आकसल्याच नव्हत्या. त्या आकसल्या नंतर, हळूहळू, आणि मग हृदयाचं काम पुन्हा जवळपास पूर्ववत झालं. या टप्प्यावर कुणी तपासलं असतं तर त्याला काय दिसलं असतं? आकसलेल्या रक्तवाहिन्या आणि चढलेला दाब. पाणी आणि मिठाचा तो सुरुवातीचा भाग तोवर पुसला गेलेला. पेशंट डॉक्टरकडे येतो तो बहुतेक वेळा याच टप्प्यावर, दाब चढून कितीतरी दिवस, कधी वर्षं, झाल्यावर. मॉडेल चालवताना मात्र पहिला दिवसही दिसत होता, आणि त्यात हाच क्रम उमटत होता.

आणखी एक प्रयोग मला जास्त आवडला. मानेतल्या त्या सेन्सरच्या नसा कापल्या तर बीपी कायमचं वाढतं, असा समज होता. गायटनच्या प्रयोगशाळेत १९७३ च्या सुमाराला अशा कुत्र्यांचा दाब चोवीस तास सलग नोंदवला गेला. सरासरी जवळपास नॉर्मल निघाली. वाढले होते ते चढउतार, साधारण अडीच पट. म्हणजे दिवसातून एकदा मोजून काढलेला निष्कर्ष फसवा होता. स्टॅटिस्टिक्सच्या लेक्चरला मीन आणि स्टँडर्ड डेव्हिएशन कशाला शिकायचं, असा प्रश्न पडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

माणसांमधूनही पुरावे येत गेले. १९८३ मध्ये सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षं बीपीने त्रस्त, शेवटी किडन्या निकामी झालेले. नॉर्मल बीपी असलेल्या दात्यांच्या किडन्या बसवल्यावर त्यांचं बीपी नॉर्मल झालं आणि पुढे सरासरी साडेचार वर्षं तसंच राहिलं. उंदरांमध्येही दाब किडनीबरोबर एका शरीरातून दुसऱ्यात जातो, हे इतरांनी दाखवलं होतं.

मग गायटन जिंकला का? इतकं सोपं नाही. स्वीडनचा ब्यॉर्न फॉल्कोव रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या बदलांना महत्त्व देत राहिला, दुसरे कुणी मज्जासंस्थेकडे बोट दाखवत राहिले. आणि २०१८ मध्ये काही संशोधकांनी गायटनच्या घराण्यातल्या मॉडेल्सची भाकितं जास्त मीठ खाणाऱ्या माणसांच्या प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिली. ती नीट जुळली नाहीत. त्यांच्या मते मिठाने ज्यांचं बीपी वाढतं आणि ज्यांचं वाढत नाही, त्या दोघांच्याही शरीरात पाणी आणि हृदयाचं काम सारखंच वाढतं. फरक पडतो तो रक्तवाहिन्या सैल होतात की नाही याने. म्हणजे बोट पुन्हा रक्तवाहिन्यांकडे. माझं मत विचाराल तर, असा वाद घालता येतो हेच त्या आकृतीचं बळ आहे. नुसत्या शब्दांत मांडलेली थिअरी निसटून जाते, पण समीकरणात लिहिलेली चूक कुणालाही पकडता येते.

घराबद्दल सांगायचं राहिलं. आर्थर आणि रूथला दहा मुलं, आठ मुलगे आणि दोन मुली. दहाच्या दहा डॉक्टर झाली. जॅक्सनमधलं घर बांधायला मुलांनीही हात लावला होता. गायटनवरच्या लेखांत हा दहाचा आकडा कौतुकाने येतो. रूथचं नाव मात्र एका वाक्यात उरकलं जातं. चालण्यावर कायमची मर्यादा आलेला नवरा आणि दहा मुलं, हे गणित कुणाच्या जोरावर सुटलं ते कळायला कॉम्प्युटर लागत नाही.

१९७४ मध्ये तो अमेरिकन फिजिऑलॉजिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला. रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वेच्या ४०० व्या जन्मवर्षानिमित्त लंडनला खास व्याख्यान द्यायचा मान १९७८ मध्ये त्याला मिळाला. १९८९ मध्ये विभागप्रमुखपद सोडलं, पण काम नाही सोडलं. ३ एप्रिल २००३ रोजी मिसिसिपीतच कारचा अपघात झाला आणि त्यात गायटन गेला. वय ८३. त्याच अपघातात जखमी झालेली रूथही आठवडाभरात गेली.

जॅक्सनमध्ये त्याच्या शिष्यांनी मॉडेल वाढवत नेलं. आताच्या हमॉड नावाच्या मॉडेलमध्ये पाच हजारांच्या आसपास चल आहेत. पुस्तकाची १४ वी आवृत्ती २०२० मध्ये आली, जॉन हॉल आणि मायकेल हॉल यांच्या हातची, आणि कव्हरवर गायटनचं नाव आजही पहिलं आहे. तुमच्या त्या मेडिकलच्या मित्राला १९ वा धडा काढायला सांगा, रक्तदाब आणि किडनीचा. त्यात एक आलेख आहे. ७० टक्के किडनी काढलेली, सलाइन प्यायलेली ती कुत्री. चारच होती.